तिळातिळाने वाढणारा दिवस आणि काळ्या डोक्याचा भारीट

दिवाळीच्या मागेपुढे सोलापूर-मराठवाड्याच्या ज्वारीच्या शिवारांत एका पाहुण्या पक्ष्याचे थवे उतरू लागतात. चिमणीहून थोडा मोठा, पोटाकडून पिवळा, जाड चोचीचा हा पक्षी म्हणजे काळ्या डोक्याचा भारीट. हिवाळ्यात नराच्या डोक्यावरील काळेपणा पिसांच्या फिकट कडांखाली झाकलेला असतो, त्यामुळे नाव आणि रूप यांचा मेळ पटकन लागत नाही. शेतकऱ्याची त्याच्याशी ओळख पक्षीनिरीक्षकाहून फार जुनी आहे. दाण्यावर आलेल्या ज्वारीवर शेकड्यांनी उतरणाऱ्या या थव्यांसाठीच माळ्यावर उभे राहून गोफण फिरवावी लागते. मार्च-एप्रिलमध्ये थवे विरळ होतात आणि मग दिसेनासे होतात. आग्नेय युरोप, तुर्कस्तान, इराण या प्रदेशांत त्यांची वीण होते आणि तिथवर पोहोचायला हजारो किलोमीटरचा प्रवास करावा लागतो.

निघण्याची वेळ झाली हे या पक्ष्याला कसे कळते? उन्हाची काहिली वाढली म्हणून तो निघतो, हे सहज सुचणारे उत्तर पुरेसे नाही. एखादा फेब्रुवारी तापतो, एखादा मार्च अवकाळी पावसाने थंडावतो. हवामानावर भिस्त ठेवणारा प्रवासी दरवर्षी वेगळ्या वेळी निघेल आणि कधी इतका लवकर पोहोचेल की वीणीच्या भूमीवर पिलांसाठी कीटकच नसतील. वर्षानुवर्षे न चुकणारी एकच खूण निसर्गात आहे, ती म्हणजे दिवसाची लांबी. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, असे आपल्याकडे म्हणतात. हा तीळ मोजताही येतो. सोलापूरच्या अक्षांशावर जानेवारीच्या मध्यास दिवस रोज सुमारे अर्ध्या मिनिटाने वाढतो, मार्चच्या उत्तरार्धात सुमारे एका मिनिटाने. दिल्लीत हीच मार्चमधली वाढ पावणेदोन मिनिटांच्या आसपास असते. इतका सूक्ष्म बदल पंचवीस-तीस ग्रॅमचा जीव कसा मोजतो, हा प्रश्न उलगडण्यात भारतीय प्रयोगशाळांचा, त्यांतही गंगा-यमुनेच्या मैदानातील प्रयोगशाळांचा, मोठा वाटा आहे. तो इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतो. दिल्ली परिसरात राहणाऱ्या आपणा सर्वांशी त्याचा आज थेट संबंध आहे, म्हणून तो येथे मांडत आहे.

कालमापनाच्या या शास्त्राची सुरुवात एका खगोलशास्त्रज्ञाने केली, ही गोष्ट भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आवडावी. १७२९ साली फ्रान्समध्ये द मेराँ यांनी लाजाळूसारखी एक वनस्पती पूर्ण अंधारात ठेवली. दिवसा पाने उघडायची आणि रात्री मिटायची हा तिचा क्रम सूर्य न दिसताही चालू राहिला. म्हणजे लय बाहेरून लादलेली नव्हती, ती आतली होती. मात्र पुढील दोन शतकांत हेही स्पष्ट झाले, की ही आतली लय बरोबर चोवीस तासांची नसते. अंधारात ठेवलेला जीव रोज थोडा पुढे किंवा मागे सरकत जातो. त्याला दररोज कोणीतरी जुळवून द्यावे लागते आणि हे काम मुख्यतः पहाट व संध्याकाळ करतात.

दिवसाच्या लांबीचा ऋतूशी असलेला संबंध १९२० साली गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकी संशोधकांनी वनस्पतींत दाखवला. तंबाखूचा एक वाण उन्हाळाभर नुसताच वाढत राही आणि फुलत नसे. रोपे दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत हलवून दिवस कृत्रिमरीत्या लहान केला, तेव्हा तोच वाण ऐन उन्हाळ्यात फुलला. या गुणधर्माला मराठीत दीप्तिकालिता म्हणतात. पाच वर्षांनी कॅनडात विल्यम रोवन यांनी असाच प्रयोग पक्ष्यांवर केला. आल्बर्टाच्या कडाक्याच्या हिवाळ्यात बाहेरच्या पिंजऱ्यांत ठेवलेल्या जुंको पक्ष्यांना त्यांनी विजेच्या दिव्यांनी रोज थोडा अधिक ‘दिवस’ दिला. तापमान शून्याच्या कितीतरी खाली असतानाही त्या पक्ष्यांची जननेंद्रिये वसंतात वाढावीत तशी वाढली. थंडी तिथेच होती. बदलला होता तो केवळ प्रकाशाचा काळ. रोवन यांना मात्र वाटले, की प्रकाशामुळे पक्षी अधिक वेळ जागे राहतात, अधिक हालचाल करतात आणि हा परिणाम त्या व्यायामाचा आहे. निरीक्षण पक्के होते, कारण चुकले होते.

दिल्लीचा या कथेत प्रवेश होतो तो एका हिरव्या ठिपक्याच्या रूपाने. वुल्फिया ही साचलेल्या पाण्यावर तरंगणारी वनस्पती जगातील सर्वांत लहान सपुष्प वनस्पतींपैकी एक आहे. एक रोप टाचणीच्या डोक्याएवढेही नसते. दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात सतीश महेश्वरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय तळ्यांत आढळणारी वुल्फिया मायक्रोस्कोपिका निर्जंतुक काचपात्रांत वाढवली आणि तिला हुकमी फुलवून दाखवले. हे काम १९६३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. ही वनस्पती लहान दिवसांत फुलणारी ठरली. शिवाय पोषणद्रवात धातूंना धरून ठेवणारी विशिष्ट संयुगे असतील, तर फुलण्याला मदत होते, असेही दिसले. म्हणजे प्रकाशाचा निरोप तोच असला, तरी तो ऐकणाऱ्या पेशीच्या पोषणाची अवस्था काय आहे, यावर उत्तर अवलंबून राहू शकते. पर्यावरणातील घटक एकेकटे येत नाहीत, हा धडा त्या ठिपक्याने तेव्हाच दिला होता.

आता मोजण्याच्या यंत्रणेकडे वळू. दिवसाची लांबी मोजण्याच्या दोन रीती कल्पिता येतात. एक वाळूच्या घड्याळासारखी : प्रकाश पडला की काही द्रव्य साठत जाते आणि पुरेसे साठले की परिणाम होतो. दुसरी रीत १९३६ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एर्विन ब्युनिंग यांनी सुचवली. त्यांच्या मते सजीवाच्या आतल्या दैनिक लयीचे दोन भाग असतात. एकात प्रकाश अपेक्षित असतो, दुसऱ्यात अंधार. हिवाळ्याचा छोटा दिवस पहिल्या भागातच संपतो. दिवस लांबला की प्रकाश दुसऱ्या भागात शिरतो, आणि तो शिरणे हाच ऋतुबदलाचा संकेत ठरतो. या कल्पनेत प्रकाश एकूण किती मिळाला याला महत्त्व नाही. तो कोणत्या घटकेला मिळाला, याला आहे.

दोन्हींपैकी खरी कोणती, हे ठरवणारा देखणा प्रयोग अमेरिकेत विल्यम हॅमनर यांनी १९६३ साली हाउस फिंच या पक्ष्यावर केला. प्रत्येक गटाला प्रकाश सहाच तास, पण त्यामागचा अंधार वेगवेगळा, जेणेकरून एकूण चक्र १२, २४, ३६, ४८, ६० किंवा ७२ तासांचे व्हावे. १२, ३६ आणि ६० तासांच्या चक्रांतील पक्ष्यांची जननेंद्रिये वाढली. २४, ४८ आणि ७२ तासांच्या चक्रांत वाढली नाहीत. वाळूच्या घड्याळाने हा चढउतार समजावता येत नाही. तो अनुनादाचा प्रकार आहे : झोका योग्य क्षणी ढकलला तरच उंच जातो. आत एक दोलक हलतो आहे आणि प्रकाश त्याच्या कोणत्या अवस्थेत पडतो त्यावर सारे ठरते.

आपला भारीट येथे येतो. बनारस हिंदू विद्यापीठात पी. डी. तिवारी आणि त्यांचे विद्यार्थी विनोद कुमार यांनी काळ्या डोक्याच्या भारीटाच्या दीप्तिकालितेचा अभ्यास हाती घेतला. त्यांचा एक महत्त्वाचा लेख १९८२ सालचा आहे. पुढे विनोद कुमार यांनी हे काम मीरत, लखनौ आणि नंतर दिल्ली विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात नेले. निष्कर्ष स्पष्ट होते. आठ तासांच्या छोट्या दिवसात ठेवलेला भारीट महिनोन्‌महिने ‘हिवाळ्यातच’ राहतो. त्याचे वजन वाढत नाही, वृषणे लहानच राहतात. सुमारे बारा तासांच्या उंबरठ्यापलीकडे दिवस गेला, की तो भराभर खाऊ लागतो, त्वचेखाली चरबी साठते, वजन दीडपटीपर्यंत जाते, वृषणे अनेक पटींनी वाढतात. आणि दिवसा वावरणारा हा पक्षी रात्री पिंजऱ्यात पंख फडफडवत अस्वस्थ होतो, कारण त्याचे स्थलांतर रात्रीचे असते. दख्खनमध्ये दिवस बारा तासांची रेषा ओलांडतो तो मार्चच्या मध्यास. शेतकऱ्याच्या शिवारातून थवे कमी होऊ लागतात तेही त्याच सुमारास.

ब्रिटिश शास्त्रज्ञ ब्रायन फॉलेट यांच्यासोबतच्या १९९६ सालच्या कामात विनोद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की भारीटाची ही मोजणी स्वयंचलित दैनिक लयीवरच चालते. म्हणजे ब्युनिंग यांची कल्पना ज्वारीच्या शेतातल्या पाहुण्यालाही लागू पडते. या पक्ष्यांवरील प्रयोगांत आणखी एक गोष्ट पुढे आली. पक्ष्यांना ऋतूचा प्रकाश केवळ डोळ्यांनी कळतो असे नाही. अमेरिकेत मायकेल मेनाकर यांनी १९७०च्या सुमारास चिमण्यांच्या डोक्याच्या त्वचेखाली काळी शाई टोचून दाखवले होते, की प्रकाश कवटीतून आत झिरपतो आणि मेंदूच्या खोल भागातील ग्राहकांपर्यंत पोहोचतो. शाईने तो अडवला की ऋतूचा निरोप अडतो. ऊती आणि हाडांतून लांब तरंगलांबीचा प्रकाश अधिक आत जातो. भारीटाच्या बाबतीतही जननेंद्रियांची वाढ घडवण्यात लाल प्रकाश निळ्यापेक्षा अधिक परिणामकारक आढळला. हा तपशील लक्षात ठेवावा. पुढे तो महत्त्वाचा ठरणार आहे.

प्रकाश हाच एकमेव सूचक आहे, असे मात्र समजू नये. ट्यूबिंगेन येथे काही वर्षे काम करून परतलेले एम. के. चंद्रशेखरन यांनी मदुराईत जैविक लयींच्या अभ्यासाची स्वतंत्र परंपरा उभी केली. त्यांनी मारिमुथू आणि राजन यांच्यासह १९८१ साली प्रसिद्ध केलेले काम वटवाघळांवरचे आहे. गुहेच्या सततच्या अंधारात पिंजऱ्यात ठेवलेले एक वटवाघूळ सूर्य न पाहताही वेळ पाळत होते, कारण भोवतीची मोकळी वटवाघळे रोज संध्याकाळी बाहेर पडत आणि परतत. सोबती नसलेल्या गुहेत त्याची लय घसरू लागली. म्हणजे समाज हादेखील पर्यावरणाचाच एक घटक आहे. तापमानाचे वर्तन याहून निराळे. रासायनिक क्रिया उष्णतेने वेगावतात, त्यामुळे उन्हाळ्यात आतले घड्याळ पुढे धावायला हवे. पण कॉलिन पिटेंड्रिघ यांनी १९५४ साली फळमाशीवर दाखवले, की तापमान बदलले तरी घड्याळाचा वेग जवळजवळ तोच राहतो.

यातून एक मोठी संगती दिसते. दिल्लीतच पुसा भागात राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा आहे. देशाचा प्रमाण सेकंद ती सीझियमच्या आण्विक घड्याळांनी सांभाळते. अशा घड्याळाची गुणवत्ता कशात? भोवतालच्या कशाचाही परिणाम न होण्यात. तापमान, चुंबकक्षेत्र, कंपने, सर्वांपासून त्याला जपावे लागते. सजीवाचे घड्याळ याच्या उलट न्यायाने चांगले ठरते. ते बाहेरचे ऐकते, म्हणूनच उपयोगी आहे. मात्र ते निवडून ऐकते. तापमानाला ते आपला वेग बदलू देत नाही, पहाट-संध्याकाळला आपले काटे रोज फिरवू देते. कोट्यवधी वर्षांत त्याने ठरवलेले आहे, की विश्वास कोणावर ठेवावा. १९७१ साली कोनोप्का आणि बेंझर यांनी फळमाशीत या घड्याळाचे पहिले जनुक शोधले आणि २०१७ सालचे नोबेल पारितोषिक हॉल, रॉसबॅश व यंग यांना त्याची यंत्रणा उलगडल्याबद्दल मिळाले. यंत्रणा आतली, पण तिचा विश्वास बाहेर ठेवलेला आहे. आजची अडचण नेमकी तेथे आहे.

संध्याकाळ हा संकेत इतका विश्वासार्ह का आहे, ते आकड्यांत पाहू. निरभ्र आकाशात सूर्यास्ताच्या क्षणी जमिनीवर साधारण ४०० लक्स प्रकाश असतो. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेला, की तो ३ ते ४ लक्सवर येतो. १२ अंश गेला, की एका लक्सच्या शंभराव्या भागाजवळ. दिल्लीत विषुवदिनाच्या सुमारास या साऱ्या उताराला एक तासही लागत नाही. म्हणजे साधारण दर दहा-अकरा मिनिटांत प्रकाश दहा पटींनी घटतो. उतार इतका तीव्र असल्यामुळेच हवामानाचा गोंधळ फारसा बाधत नाही. दाट ढगांनी किंवा हिवाळ्यातील धुरक्याने प्रकाश दहा पटींनी कमी केला, तरी संध्याकाळ जीवाला फार तर दहा मिनिटे लवकर झाली असे भासेल.

रस्त्यावरील दिव्याची गोष्ट निराळी आहे. पौर्णिमेचा चंद्रही सहसा ०.३ लक्सपलीकडे जात नाही. चांगल्या उजळलेल्या रस्त्यावर दहा लक्स आणि त्याहून अधिक प्रकाश असतो. त्यामुळे तो वर सांगितलेला उतार मध्येच तुटतो आणि खालच्या पायऱ्या पहाटेपर्यंत येतच नाहीत. ब्युनिंग यांच्या भाषेत, ज्या भागात अंधार अपेक्षित आहे त्यात रोज, बारमाही, प्रकाश शिरतो. याचे परिणाम काल्पनिक नाहीत. २०१३ साली जर्मनीतील डॉमिनोनी आणि सहकाऱ्यांनी युरोपीय ब्लॅकबर्ड पक्ष्यांना रात्री केवळ ०.३ लक्स प्रकाश दिला, तर त्यांची जननेंद्रिये जवळजवळ महिनाभर आधी तयार झाली. २०१८ साली दिल्ली विद्यापीठाच्या विनोद कुमार यांच्याच प्रयोगशाळेने आपल्या घरच्या कावळ्यावर काम प्रसिद्ध केले. रात्री मंद उजेडात ठेवलेल्या कावळ्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात जनुकांचे कार्य बदलले आणि त्यांच्यात नैराश्यासारखी वर्तनलक्षणे दिसली. कावळा हा शहराशी सर्वाधिक जुळवून घेतलेला पक्षी. त्याची ही अवस्था असेल, तर इतरांविषयी निश्चिंत राहता येत नाही.

दिल्ली, नोएडा, गुडगाव, गाझियाबाद हा देशातील सर्वाधिक उजळ पट्ट्यांपैकी एक आहे, आणि तो मध्य आशियाई स्थलांतरमार्गावर वसला आहे. यमुनेवरील ओखला पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात उतरणाऱ्या बदकांच्या भोवती चारही बाजूंनी शहर उजळलेले असते. यावर सुचवला जाणारा सोपा उपाय असा, की पांढऱ्या-निळसर दिव्यांऐवजी पिवळसर दिवे लावावेत. माणसासाठी तो सल्ला योग्य आहे. आपल्या डोळ्यांतील वेळ सांगणाऱ्या पेशी निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात, म्हणून रात्री निळा भाग कमी केलेला बरा. पण भारीटाचा तो तपशील येथे आठवावा. ज्याच्या मेंदूला लाल प्रकाश अधिक भिडतो, त्या पक्ष्याला पिवळसर दिवा निर्धोक असेलच, असे धरून चालता येणार नाही. एका जातीच्या झोपेवरून दुसरीच्या ऋतूचा नियम काढणे, हे रोवन यांच्या व्यायामाच्या कल्पनेसारखेच घाईचे ठरेल. सर्व जीवांना सारखा लागू पडणारा उपाय एकच दिसतो : प्रकाश हवा तेथेच, हवा तेवढाच आणि हवा तेव्हाच असावा. दिव्यांना वरून व बाजूंनी आडोसा असावा, मध्यरात्रीनंतर ते मंद व्हावेत, आणि नदीकाठ, तळी व अभयारण्ये यांच्याभोवती अंधाराचा पट्टा राखला जावा. हवा आणि पाण्याची शुद्धता आपण मोजतो. रात्रीच्या अंधाराचीही तशी नियमित नोंद ठेवायला हवी.

या नोंदीची सुरुवात विद्यार्थ्यांना स्वतः करता येईल. साधा लक्समीटर घ्यावा, सूर्यास्तापासून तासभर दर पाच मिनिटांनी वाचन टिपावे. एकदा रस्त्यालगत, एकदा एखाद्या अंधाऱ्या बागेत किंवा नदीकाठी. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर लक्सचा लॉगॅरिथम मांडला, की प्रकाशाचा उतार जवळजवळ सरळ रेषेत खाली येताना दिसेल. रस्त्यालगतची रेषा कोणत्या वाचनापाशी आडवी झाली, ते पाहावे. दिल्लीत तो आकडा किती येतो आणि आपल्या गावी किती, हे दोन्ही टिपून ठेवावे. भारीटाला रोजच्या एका मिनिटाच्या वाढीचा हिशेब ठेवायचा आहे, आणि त्याच्या वाट्याला अंधार किती उरला आहे, हे त्या आडव्या रेषेवरून कळेल.